फोटोत वावर कुठंय?

मॅगझिनच्या मराठी विभागाला लेख कमी पडतायत, फुलंब्रीच्या मुलीने तरी काहीतरी द्यावं, असा निरोप संपादक मंडळाकडून आला. मी म्हटलं, अहो मी कॉन्व्हेंटची! दहावीपर्यंत मराठी म्हणजे आठवड्यातून चार तास आणि परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ केलेला 'पावसाळ्यातील एक दिवस'. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घालाव्यात ही नम्र विनंती.

पण खरं सांगायचं तर विषय वर्षभरापासून डोक्यात होता. लिहायची हिंमत नव्हती, एवढंच.

फेब्रुवारी २०२५ च्या गॅदरिंगचं फोटो प्रदर्शन आठवतंय? लायब्ररीच्या पॅसेजमध्ये पहिल्याच पॅनलवर एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा फोटो होता. डोक्याला ओलं मुंडासं, हातात चिखलाने भरलेलं मक्याचं कणीस, डोळ्यांत ढगातून आलेला उजेड. खाली नाव, 'रेझिलियन्स'. पहिलं बक्षीस, रोख एक हजार रुपये आणि प्रमाणपत्र. तो फोटो माझा. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी टाळ्या वाजवल्या, कित्येकांनी स्टेटसला ठेवला, रेक्टर मॅडमनी मिठी मारली. म्हणूनच तो कसा काढला, हे तुम्हाला सांगणं मी लागते.

आधी थोडं घराबद्दल. फुलंब्रीत आमचा फोटो स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे काय, तर एक गाळा, एक निळा पडदा, एक पांढरा पडदा, एक स्टूल आणि भिंतीला टांगलेला कंगवा. पप्पा तिथे पासपोर्ट साईझ काढतात, लग्नाच्या ऑर्डरी घेतात, आणि कोणी वारलं की घरच्यांनी आणलेल्या कुठल्यातरी ग्रुप फोटोतून तेवढाच चेहरा उचलून मोठा करून देतात. त्यांचे नियम ठरलेले. डोळे उघडे पाहिजेत, दोन्ही कान दिसले पाहिजेत, माणूस ओळखू आला पाहिजे. बस. मी रोज व्हॅनने चौक्याचा घाट उतरून शहरातल्या शाळेत जायची. तिथे मैत्रिणींचे वडील डॉक्टर, बिल्डर, प्रोफेसर. 'माय फादर इज अ फोटोग्राफर' असं मी सांगायची, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर जंगलात वाघाचे फोटो काढणारा माणूस येत असणार. मी ते कधी दुरुस्त केलं नाही.

मला स्वतःला फोटोचं वेड लागलं ते २०२० मध्ये. मी नववीतून दहावीत गेले होते. लॉकडाऊन होतं, स्टुडिओचं शटर बंद. ८ मेला सकाळी बातमी आली. जालन्याच्या स्टील कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशातले मजूर गावी जायला म्हणून रेल्वेरुळांवरून पायी निघाले होते. सध्या गाड्या बंद आहेत असं समजून थकून रुळांवरच झोपले आणि पहाटे करमाडजवळ मालगाडी त्यांच्या अंगावरून गेली. १६ जण गेले. आमच्याच जिल्ह्यात. दुपारपर्यंत पप्पांच्या मोबाईलवर फोटो आला. रूळ, खडी आणि त्यावर विखुरलेल्या पोळ्या. त्या मजुरांनी वाटेसाठी बांधून घेतलेल्या. फोटोत माणूस एकही नाही. आई स्वयंपाकघरात चपात्याच लाटत होती. तिने तो पाहिला, गॅस बंद केला आणि भिंतीला टेकून बसली.

त्या दिवशी मी ठरवलं की आपणही असा फोटो काढायचा. आईला गॅस बंद करायला लावणारा. पोरकट वाटेल, पण चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीने तेवढंच घेतलं त्या फोटोतून. तो कोणी काढला हे आमच्या घरात कोणीही विचारलं नव्हतं, ही गोष्ट तेव्हा माझ्या लक्षातही आली नाही.

मग काय, इंजिनीअरिंगला आल्यावर फोटोग्राफी क्लब, यूट्यूबवरचे धडे, पप्पांचा जुना डीएसएलआर, आणि स्कॉलरशिपच्या पैशांतून घेतलेली पन्नास एमएमची लेन्स. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. लेन्सचं छिद्र मोठं ठेवलं, म्हणजे एफ १.८, तर जिथे फोकस केलाय तेवढंच स्पष्ट येतं आणि मागचं सगळं लोण्यासारखं विरघळतं. छिद्र लहान केलं, म्हणजे एफ ८, एफ ११, तर जवळचं आणि लांबचं दोन्ही नीट दिसतं. (आकडा मोठा की छिद्र लहान, हे पहिल्या दिवशी सगळ्यांनाच उलटं वाटतं.) एफ १.८ वर काढलेला कुठलाही फोटो 'भारी' दिसतो. अगदी मेसमधली वाटीसुद्धा. मी पहिलं वर्षभर एफ १.८ सोडून खाली उतरलेच नाही.

आता मूळ गोष्ट. २०२४ चा पोळा, २ सप्टेंबर. मी सुटीला घरी आले होते. आदल्या रात्री मराठवाड्यात धो धो पाऊस झाला. आमच्याकडेही रात्रभर पत्र्यावर नुसता आवाज. पप्पा कन्नडला आजारी आत्याकडे गेलेले, ते पाण्यामुळे तिकडेच अडकले. सकाळी दहाच्या सुमारास आबा आले. आबा म्हणजे आमच्या गल्लीतलेच, नात्यातले नाहीत, पण त्यांच्याच खांद्यावर बसून मी लहानपणी पोळा पाहिलाय.

"पोरी, पप्पा नाही का? वावराचे फोटू काढायचे व्हते. इम्याला लागतेत. ७२ घंट्याच्या आत कळवायचं म्हणतेत."

तेव्हा पीकविम्याचा नियम होता की नुकसान झाल्यापासून ७२ तासांच्या आत कळवायचं. आबांचा फोन बटणांचा. मुलगा वाळूजला कंपनीत, त्या दिवशी त्याला सुटी नाही. मी म्हटलं, "आबा, मी येते ना!" आणि बॅगेत कॅमेरा टाकला.

वावरात गुडघाभर पाणी होतं. दीड एकर मका आडवी झालेली, जशी कोणी हात फिरवून झोपवलीय. पलीकडे अद्रकाचे वाफे पाण्याखाली. मी बांधावरून खाली उतरले आणि तेवढ्यात ढग फाटून उजेडाची एक तिरीप आबांच्या तोंडावर पडली. झालं! मी विसरलेच मी कशाला आलेय. "आबा, जरा इकडे बघा. नाही, कॅमेऱ्यात नको, लांब बघा. ते कणीस उचला. पुसू नका, चिखल राहू द्या." सत्तरीच्या माणसाला मी अर्धा तास पाण्यात उभं केलं. त्यांनी एकदाही कटकट केली नाही. त्यांना वाटलं, विम्याला असंच लागत असेल. मधे एकदा म्हणाले, "ते अद्रकाकडचं बी घे माय." मी "हो हो" म्हटलं. एकूण १४६ फोटो काढले. १४६ च्या १४६ आबांचे.

"झालं का?"

"झालं आबा. मस्त आलेत!"

ते "झालं" मला आजही ऐकू येतं. कारण आबांनी त्यावर विश्वास ठेवला. फोटो झाले, काम झालं, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी ओसरल्यावर त्यांनी आडवी पडलेली मका कापून बैलांपुढे टाकायला सुरुवात केली. सडू द्यायची कशाला, निदान चारा तरी होईल.

पप्पा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आले. मी लॅपटॉप घेऊन वाटच बघत होते. रात्री जागून एडिटिंग केलं होतं, ढग थोडे गडद, डोळे थोडे उजळ. पप्पांनी फोटो नीट बघितला. मोठा करून बघितला. म्हणाले, "आबा छान आलेत." मग दुसरा, तिसरा, दहावा, विसावा. मग विचारलं, "वावर कुठंय?"

मी म्हटलं, "मागे आहे की."

मागे होतं. हिरव्या-तपकिरी रंगाचा एक सुंदर, मऊ, विरघळलेला पट्टा. ते पाणी होतं की गालिचा, ती मका होती की ऊस, कोणालाही सांगता आलं नसतं. बांध नाही, विहीर नाही, शेजारच्या वावराची हद्द नाही. अद्रकाचा तर एकही नाही. पप्पा असे फोटो काढतात तेव्हा मोबाईलवर काढतात, खाली तारीख, वेळ आणि ठिकाण उमटेल असे. चारही कोपऱ्यांतून चार, आणि एक मधे उभं राहून. मी हजार वेळा त्यांना ते करताना पाहिलं होतं आणि मनात म्हटलं होतं, किती बोअर फोटो!

पप्पा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. पहाटे उठून मोबाईल घेऊन गेले. मुदत संपायच्या आत फोटो गेले, पण तोपर्यंत पाणी उतरलं होतं आणि अर्धी मका कापून झाली होती. फोटोत दिसत होतं एक कापणी चाललेलं वावर.

पुढे शिवारातल्या काही जणांच्या खात्यात पैसे आले. आबांच्या आले नाहीत. फोटोमुळेच की आणखी कशामुळे, हे कोणी सांगितलं नाही, आणि मला माहीत आहे की अशा गोष्टी एका फोटोवर अडत नाहीत. पण त्या एका गोष्टीपुरता भरवसा माझ्यावर होता, तेवढं मी केलं नाही.

आणि हे सगळं माहीत असूनही जानेवारीत मी तोच फोटो स्पर्धेला दिला. हेही लिहायलाच पाहिजे. नाव दिलं 'रेझिलियन्स'. परीक्षकांनी खास कौतुक केलं ते कशाचं माहितेय? बॅकग्राऊंड किती सुंदर ब्लर झालंय याचं.

त्या रात्री मेसमध्ये मी रूममेटला सगळं सांगितलं. ती कॉम्प्युटरची, वादाला कायम तयार. म्हणाली, "म्हणजे फोटोग्राफरने ग्रेट फोटो काढायचा प्रयत्नच करायचा नाही का? सगळ्यांनी पासपोर्ट साईझच काढत बसायचं?" मग टेबलावर सगळे जमले आणि अशा चर्चेत हमखास निघतं ते उदाहरण निघालंच, केविन कार्टरचं. सुदानमधलं उपाशी मूल आणि मागे बसलेलं गिधाड. फोटो १९९३ चा, पुलित्झर १९९४ चं, आणि त्याच वर्षी जुलैत कार्टरची आत्महत्या. 'त्याने मुलाला उचललं का नाही' यावर अर्धा तास भांडण. फोटो काढून झाल्यावर गिधाडाला हाकललं, असं त्याने सांगितलं होतं, पण ते सांगायचं नेहमी राहूनच जातं. मी गप्प होते. दुष्काळातल्या, बंदुकांच्या मधल्या माणसाचा न्याय आपण पोळी-भाजी खाता खाता करावा, हे मला तरी पटलं नाही.

मला आठवत होते सेबॅस्टियन डिसोझा. २६ नोव्हेंबर २००८ ला मी तीन वर्षांची होते, पण तो फोटो आपण सगळ्यांनी पाहिलाय. सीएसटी स्टेशन, हातात एके-४७ घेतलेला, पाठीला सॅक लावलेला कसाब. डिसोझा 'मुंबई मिरर'चे फोटो एडिटर. ऑफिस स्टेशनसमोरच. गोळीबाराचा आवाज आला तसे ते कॅमेरा घेऊन स्टेशनकडे धावले. उभ्या गाडीच्या डब्यात लपून त्यांनी फोटो काढले. फ्लॅश नाही, उजेड अपुरा, जीव मुठीत. त्या माणसाने प्रयत्न केला नाही असं कोण म्हणेल? पण प्रयत्न कशाचा? चेहरा स्पष्ट आला पाहिजे, याचा. पुढे खटल्यात त्यांनी साक्ष दिली, आणि ते फोटो कोर्टात पुरावा म्हणून उभे राहिले. म्हणजे पप्पांचाच नियम की! माणूस ओळखू आला पाहिजे.

रूममेटला मी म्हटलं, प्रयत्न करायचाच. जीव तोडून करायचा. पण फोटो ग्रेट व्हावा म्हणून नाही. समोर जे आहे, ते ज्याचं आहे, त्याला त्यातलं काय दाखवायचंय, हे आधी विचारून. नंतर तो ग्रेट ठरला तर ठरला. ती म्हणाली, "हे तू बक्षीस मिळाल्यावर म्हणतेयस." खरंय. उत्तर नव्हतं माझ्याकडे.

मार्चमध्ये होस्टेलची अजिंठ्याची ट्रिप निघाली. बस फुलंब्रीवरूनच गेली, स्टुडिओसमोरून. ट्रिपच्या आधी मी रॉबर्ट गिलबद्दल वाचलं होतं. १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने त्याला अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला पाठवलं. त्याने वर्षानुवर्षं अंधाऱ्या लेण्यांत बसून मोठाली तैलचित्रं केली. ती लंडनला गेली, क्रिस्टल पॅलेसमध्ये लावली गेली, आणि १८६६ च्या आगीत बहुतेक सगळी जळाली. त्याने नंतरच्या काळात कॅमेराही हाती घेतला होता. अजिंठा-वेरूळचे खांब, विहार, स्तूप, जसे आहेत तसे. ते फोटो १८६४ मध्ये पुस्तकांतून छापले गेले आणि आजही बघायला मिळतात. ज्या कामाला त्याने उमर दिली ते राख झालं, आणि त्या वेळी लेणी कशी दिसत होती हे सांगायला ते फोटो राहिले. लेण्याबाहेरच्या पायऱ्यांवर बसून मी विचार करत होते, माझ्या १४६ फोटोंमधून कोणाला काय कळेल? २०२४ च्या पोळ्याला फुलंब्रीत काय झालं होतं, ते कळेल का? काहीच नाही. कळेल ते एवढंच की एका मुलीकडे पन्नास एमएमची लेन्स होती.

मी ईअँडटीसीची. आम्हाला पहिल्यापासून शिकवतात, सिग्नल हवा तो, नॉईज नको तो. नको ते गाळून टाका. मी आबांना सिग्नल धरलं आणि वावराला नॉईज. आबांच्या लेखी नेमकं उलटं होतं. स्वतःला बाजूला ठेवून ते मला सांगत होते, ते अद्रकाकडचं बी घे माय.

उन्हाळ्याच्या सुटीत मी बक्षिसाच्या पैशांतून तो फोटो मोठा करून, फ्रेम करून आबांकडे नेला. हात थरथरत होते. सगळं सांगितलं. बक्षिसाचंही. आबांनी फ्रेम धोतराच्या सोग्याने पुसली, लांब धरून बघितली. म्हणाले, "ब्येस हाये." आजींनी चष्मा लावून बघितला आणि सरळ म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या नीट ठिवून. पुढं हार घालायला कामी येईन." आणि दोघंही हसायला लागले. मी रडायच्या बेतात आणि हे दोघं हसतायत! पण त्यांचं बरोबर होतं. पप्पा अशा वेळी मागचं सगळं कापून फक्त चेहराच ठेवतात. मी ते आधीच करून ठेवलं होतं. ग्रेट फोटोचा एवढा उपयोग मात्र खरा.

मग आबा म्हणाले, "आता एक वावराचा बी काढून दे."

आम्ही गेलो. या वेळी मी आधी विचारलं, काय काय यायला पाहिजे? ते सांगत गेले, मी मागे सरकत गेले, पार शेजारच्या बांधापर्यंत. एफ ११. भर दुपारचं सपाट ऊन, यूट्यूबवाले ज्या वेळी फोटो काढू नका म्हणतात ती वेळ. नांगरून ठेवलेलं काळं रान, विहीर, पाईपलाईन, बांधावरचं लिंबाचं झाड, कोपऱ्यात उलटी टाकलेली फवारणीची टाकी. सगळं स्पष्ट. बघायला गेलं तर काहीच नाही त्यात.

त्याची प्रिंट घेऊन गेले तेव्हा आबांनी ती बराच वेळ खाली ठेवली नाही. बोटाने एकेक दाखवत होते. ही इहीर बापानं खंदली. हे लिंबाचं झाड आजीनं लावेल. इथून इथपर्यंत मका व्हती. फ्रेममधला स्वतःचा चेहरा त्यांनी तेवढा वेळ पाहिला नव्हता.

यंदाच्या प्रदर्शनात मी तोच फोटो देणार आहे. बक्षीस मिळणार नाही हे माहीत आहे, क्लबच्या पोरांनी आत्ताच नाकं मुरडलीत. या वेळी इंग्रजी नाव शोधायला बसले नाही. पॅनलसमोर आलात तर जरा जवळ येऊन बघा, सगळं दिसेल. खाली लिहिलेलं असेल, 'आबांचं वावर, फुलंब्री'.